अंडे खायचे की नाही, आणि नको असेल तर त्याच्या जागी काय

घरून केकच्या ऑर्डरी घेऊ लागल्यापासून मला फोनवर सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "अंड्याऐवजी काय घालू?" त्याचे उत्तर देण्याआधी मला दोन उलट प्रश्न विचारावे लागतात. अंडे का नको आहे, हा पहिला. आणि तुम्ही करणार आहात त्या पदार्थात अंडे कोणते काम करते, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून किती काटेकोर राहायचे ते ठरते आणि दुसऱ्याच्या उत्तरावरून डब्यातून काय काढायचे ते. हे दोन प्रश्न वगळून कोणी "एका अंड्याला अमुक इतके दही" असे सांगितले, तर ते उत्तर कधी जमून जाते आणि कधी केक मध्ये बसतो.

पहिली पायरी: कारण निश्चित करणे

महाराष्ट्रातील बऱ्याच घरांत अंड्याचा प्रश्न सरळ होय किंवा नाही असा सुटलेला नसतो. सोमवार, गुरुवार, शनिवार यांपैकी एखादा वार पाळला जातो, संकष्टी-एकादशीला चालत नाही, श्रावणात महिनाभर बंद असते, आणि काही घरांत ते बाहेर चालते पण स्वयंपाकघरात चालत नाही. अशा घरात नव्याने आलेल्या व्यक्तीने, मग ती सून असो, जावई असो की खोली घेऊन राहायला आलेला विद्यार्थी असो, "तुमच्याकडे अंडे चालते का?" एवढेच विचारून भागत नाही, कोणत्या दिवशी, कोणत्या भांड्यात आणि कोणत्या शेगडीवर चालते, हेही विचारून घ्यावे.

मला हा धडा आमच्या शेजारच्या आजींनी दिला. त्या माळकरी आहेत. त्यांच्या पंचाहत्तरीला नातवाने माझ्याकडून बिनअंड्याचा केक मागवला होता आणि मी दह्याचा केक मोठ्या अभिमानाने घेऊन गेले. आजींनी केककडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "बीटर तोच का गं?" बीटर तोच होता, आणि केकचा डबाही तोच होता. त्यांनी कुणालाही न दुखावता तुकडा नातवाच्या ताटलीत सरकवला. त्यानंतर मी बिनअंड्याच्या कामासाठी वेगळा डबा, वेगळे बीटर आणि वेगळा ब्रश ठेवला, आणि ऑर्डर घेताना "भांडी वेगळी हवीत का?" हा प्रश्न वहीतच छापल्यासारखा लिहून ठेवला.

श्रद्धेच्या कारणात काटेकोरपणा किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. ॲलर्जीच्या कारणात ते ठरवण्याची मुभा नसते. अंड्याची ॲलर्जी मुख्यतः लहान मुलांत दिसते आणि पुष्कळ मुलांत ती वाढत्या वयात जाते, पण ती गेली आहे की नाही हे घरी थोडेसे भरवून पाहू नये. ती तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. लस घेतानाही ही ॲलर्जी डॉक्टरांना आवर्जून सांगावी, विशेषतः आफ्रिकेत वा दक्षिण अमेरिकेत जाण्यापूर्वी घेतल्या जाणाऱ्या पिवळ्या तापाच्या लशीच्या वेळी, कारण ती लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवलेल्या विषाणूपासून बनते.

तिसरे कारण कोंबड्यांचे. पोल्ट्रीत अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या बहुतांश पिंजऱ्यांच्या रांगांत असतात आणि एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा साधारणपणे ए-फोर कागदाहूनही कमी असते. अंड्यांच्या जातीतील नर पिल्ले अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही फायद्याची नसतात, म्हणून ती हॅचरीतच मारली जातात. विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९व्या अहवालात याच कोंबड्यांच्या निवाऱ्याचा आणि वाहतुकीचा विषय घेतला होता. ज्यांचे कारण हे आहे त्यांनी एक गोष्ट आधीच स्वतःशी पक्की करावी: अंड्याच्या जागी दूध, दही किंवा कंडेन्स्ड मिल्क चालणार आहे की प्राण्यांपासून आलेले काहीच नको? पुढची सगळी निवड या एका उत्तरावर फिरते.

याच संदर्भात "पोल्ट्रीचे अंडे शाकाहारीच असते" हा वाद हमखास निघतो. पोल्ट्रीत कोंबड्यांबरोबर कोंबडा नसतो, त्यामुळे ते अंडे फलित नसते आणि त्यातून पिल्लू निघणे शक्य नसते, हे खरे आहे. गांधीजींनीही लिहून ठेवले आहे की जो दूध घेतो त्याला असे अफलित अंडे घेण्यास हरकत नसावी. मात्र भारतातील खाद्यपदार्थांच्या लेबलाच्या नियमांत अंडे मांसाहारी गटातच मोडते. गंमत अशी की "आम्ही फक्त गावरान अंडी खातो, ती शुद्ध" असे म्हणणाऱ्यांच्या अंड्यांतच फलित अंडे निघण्याची शक्यता अधिक, कारण गावात अंगणात फिरणाऱ्या कोंबड्यांत कोंबडा असतोच. टरफलाच्या तपकिरी रंगावरून काहीही सिद्ध होत नाही. तो कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो.

चौथे कारण प्रकृतीचे, आणि इथे घाईने निर्णय होतात. एका मध्यम-मोठ्या अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सगळे पिवळ्या बलकात असते. पूर्वी आहारातील कोलेस्टेरॉलवर दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाई. अमेरिकेच्या २०१५च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी तो आकडा काढून टाकला, कारण बहुतेक निरोगी माणसांत रक्तातील कोलेस्टेरॉलवर संपृक्त चरबीचा परिणाम अधिक दिसतो. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी संख्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. केवळ कोलेस्टेरॉलच्या धास्तीने अंडे सोडून त्याच्या जागी बटाटेवडा खाणारे मी पाहिले आहेत, आणि त्यात कोणाचे भले झाले ते मला कळलेले नाही.

दुसरी पायरी: ताटातून काय कमी होते ते पाहणे

टरफल काढल्यावर एक अंडे सुमारे ५० ग्रॅम भरते आणि त्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. हा आकडा लक्षात ठेवला की पर्याय तपासणे सोपे जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा दुसरे फळ देण्याचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय निधी थांबला. त्या काळात अनेक पालकांना केळे म्हणजे अंड्याचा पर्याय वाटू लागला, पण मध्यम केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात. केळे चांगलेच आहे, फक्त ते अंड्याचे काम करत नाही.

ते काम करणारे पदार्थ आपल्याच डब्यांत आहेत. शंभर ग्रॅम बेसनात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात २५, कोरड्या सोयाबीन वड्यांत ५०हून अधिक, पनीरमध्ये १८च्या आसपास. मटकी, चवळी आणि कुळीथ बेसनाच्याच पंक्तीत बसतात. डाळीच्या प्रथिनात जे अमिनो आम्ल कमी पडते ते भात-भाकरी भरून काढते, म्हणून पिठले-भाकरी हे जोडपे उगाच जमलेले नाही. अडचण येते ती बी-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींतून विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही. दूध-दही रोज घेणाऱ्यांना काही प्रमाणात मिळते. जे दूधही सोडतात त्यांनी बी-१२ची गोळी किंवा ते मुद्दाम मिसळलेला पदार्थ घेणे आवश्यक आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरी पायरी: बाहेरचे अंडे ओळखणे

पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल असेल तर पदार्थ शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. जुन्या पाकिटांवर त्रिकोणाच्या जागी तपकिरी गोल असे. पदार्थात मांसाहारी घटक फक्त अंडे असेल तर उत्पादक खुणेसोबत तसे लिहू शकतो, त्यामुळे तपकिरी खूण पाहून लगेच पाकीट न ठेवता मागची ओळ वाचावी. ॲलर्जी असणाऱ्यांनी घटकांच्या यादीत अंड्याची भुकटी, अल्ब्युमिन आणि आयएनएस ११०५ म्हणजेच लायसोझाइम हे शब्द शोधावेत. लेसिथिन दिसले म्हणून मात्र घाबरू नये, ते बहुधा सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे असते आणि तसे लिहिलेले असते. मेयोनीज, केक, काही नूडल्स आणि आइस्क्रीम ही अंडे हमखास लपण्याची ठिकाणे. सुट्या बेकरी मालावर खूण नसते, तिथे विचारण्याला पर्याय नाही, आणि "एगलेस आहे ना?" असे विचारण्यापेक्षा "यात अंडे घालता का?" असे विचारावे, कारण पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणणे काउंटरवरच्या मुलाला फार सोपे जाते. एका बेकरीत मला असेच "हो" मिळाले होते आणि घरी आल्यावर खोक्याच्या तळाशी तपकिरी खूण सापडली.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. युरोप-अमेरिकेत "व्हेजिटेरियन" या शब्दात अंडे सहसा धरलेले असते, आणि तिथे आपला हिरवा ठिपका नसतो. वाळवलेला पास्ता बहुधा अंड्याशिवाय असतो, ताजा पास्ता बहुधा अंड्याचा.

चौथी पायरी: अंड्याचे काम ओळखून पर्याय निवडणे

अंडे पदार्थात पाच-सहा निरनिराळी कामे करते: ते बांधते, फुगवते, ओलावा देते, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवते, वरून चकाकी देते आणि स्वतःची चव देते. यांपैकी एकेक काम करणारे पदार्थ पुष्कळ आहेत, सगळी कामे एकट्याने करणारा एकही नाही.

सोप्यापासून सुरुवात करू. कटलेटमध्ये अंडे फक्त बांधते, तिथे उकडलेला बटाटा, भिजवून पिळलेले पोहे किंवा चमचाभर बेसन पुरते. वरून बुडवण्यासाठी कॉर्नफ्लोअर पाण्यात सैलसर कालवावे आणि मग रव्यात किंवा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवावे. पावाला आणि पॅटिसला चकाकी हवी असेल तर दुधाचा हात फिरवावा. मेयोनीजमध्ये अंडे तेल धरून ठेवते. एक वाटी साय न काढलेले दूध, दोन वाट्या बिनवासाचे तेल, मीठ आणि मोहरीची पूड उंच भांड्यात घेऊन हँड ब्लेंडर तळाशी टेकवून चालवला आणि दाट झाल्यावर लिंबू पिळले की काम होते. दूध आणि तेल दोन्ही एकाच तापमानाचे हवेत. एक फ्रिजमधले आणि दुसरे बाहेरचे असले की मिश्रण फुटते.

नाश्त्यासाठी तर आपल्याला काही शोधावेच लागत नाही. टोमॅटो ऑम्लेटच्या नावात ऑम्लेट असले तरी त्यात अंड्याचा पत्ता नसतो. एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी, बारीक चिरलेले दोन टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद आणि ओवा यांचे धिरड्यासारखे पीठ करून तव्यावर घालावे. माणशी ५० ग्रॅम बेसन धरले तर अकरा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे जवळपास दोन अंड्यांइतकी. भुर्जीसाठी पनीर किंवा टोफू हाताने कुस्करावे, किसू नये. किसल्यावर त्याचा गोळा होतो. अंडे सोडल्यावर ज्यांना त्या विशिष्ट वासाची आठवण येते त्यांनी काळे मीठ वापरावे. त्यातील गंधकयुक्त वास अंड्याच्या वासाशी जुळतो, पण तो उष्णतेने उडून जातो, म्हणून ते गॅस बंद केल्यावरच भुरभुरावे.

केकचे प्रकरण मात्र सावकाश समजून घ्यावे लागते. अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणून एक अंडे काढले की सुमारे ५० ग्रॅमचा बहुतांशी ओला पदार्थ परत घालावा लागतो. एका अंड्याला पाव कप दही हे प्रमाण तिथूनच येते. दही ओलावा देते आणि त्यातील आंबटपणा खायच्या सोड्याशी मिळून वायू तयार करतो, त्यामुळे केक फुगतो. नवख्याने पहिला प्रयोग याच केकचा करावा. एक कप दह्यात पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेटावी, त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटे थांबावे. तेवढ्यात दह्यावर बुडबुडे येऊन ते भांड्यात वर चढू लागते. मग अर्धा कप तेल आणि चमचाभर व्हॅनिला घालावा, दीड कप मैदा दोनदा चाळून थोडाथोडा मिसळावा, आणि १८० अंशांवर आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये ३० ते ३५ मिनिटे भाजावे. सोडा-पावडरचे चमचे चहाचे आणि सपाट धरावेत. मैदा घातल्यावर जास्त घोटू नये, घोटले की केक चिवट होतो.

या केकचा शत्रू म्हणजे वेळ. एकदा पीठ डब्यात ओतले आणि आमच्याकडे लाइट गेली. चाळीस मिनिटांनी आली तेव्हा पीठ वरून तसेच दिसत होते, म्हणून मी ते ओव्हनमध्ये ढकलले. बाहेर आला तो केक ढोकळ्याच्या वडीइतक्या उंचीचा होता आणि सुरीला चिकटत होता. वायू तयार होऊन निघून गेला होता, आणि तो धरून ठेवायला अंडे नव्हते. तेव्हापासून मी ओव्हन तापल्याशिवाय सोड्याच्या डबीला हात लावत नाही.

दूध-दही चालत नसेल तर जवस घ्यावे. चटणीसाठी भाजतो तसे न भाजता, कोरडेच मिक्सरमधून बारीक काढावे. एक टेबलस्पून पूड तीन टेबलस्पून पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे ठेवली की चमच्यावरून तार धरून पडणारे, अंड्याच्या पांढऱ्यासारखे बुळबुळीत मिश्रण होते. ते एका अंड्याच्या जागी वापरावे. जवस बांधते चांगले, फुगवत नाही, आणि त्याची मातकट चव व तपकिरी ठिपके लपत नाहीत. म्हणून चॉकलेट केक किंवा गूळ-कणकेची बिस्किटे यांत ते शोभते, पांढऱ्या व्हॅनिला केकमध्ये शोभत नाही. कुस्करलेले अर्धे पिकलेले केळेही एका अंड्याचे काम करते, फक्त नंतर प्रत्येक केक केळ्याचाच केक होतो.

अंड्याचा पांढरा भाग फेटून फेस करायचा असतो तिथे दही, जवस, केळे सगळेच हात टेकतात. त्यासाठी काबुली चणे शिजवलेले पाणी वापरता येते. फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ साली कडधान्याच्या पाण्याचा असा फेस करून दाखवला आणि पुढे त्याला अक्वाफाबा हे नाव मिळाले. चणे भिजवलेले पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात मीठ न घालता कुकरला लावावे, आणि गाळलेले पाणी मंद आचेवर अंड्याच्या पांढऱ्याइतके दाट होईपर्यंत आटवून गार करावे. पूर्ण अंड्याला तीन टेबलस्पून, नुसत्या पांढऱ्याला दोन. लिंबाचे दोन थेंब घालून विजेच्या बीटरने पाच ते दहा मिनिटे फेटावे, भांडे कलते केल्यावर फेस जागचा हलला नाही म्हणजे झाले. रवीने हे होत नाही. मी हात दुखेपर्यंत करून पाहिले आहे.

पाचवी पायरी: कुठे पर्याय शोधू नये

ज्या कृतीत एक किंवा दोन अंडी आहेत तिथे वरचे पर्याय बहुधा निभावून नेतात. तीन किंवा अधिक अंडी असली की पदार्थाचा सांगाडाच अंड्याचा असतो, आणि तिथे बदल करत बसण्यापेक्षा मुळात बिनअंड्याची असलेली कृती निवडावी. गोव्याचे बिबिंक हे याचे चांगले उदाहरण आहे. नारळाचे दाट दूध, साखर, थोडा मैदा, तूप आणि दहा-बारा पिवळे बलक यांचे मिश्रण एकेक थर भाजत ते रचले जाते. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बलक काढले तर मागे उरते ती नारळाच्या दुधाची वडी, आणि ती वडी म्हणूनच करावी. गोव्याचेच काही हवे असेल तर सेराडुरा करावा: फेटलेल्या क्रीममध्ये कंडेन्स्ड मिल्क मिसळून, मारी बिस्किटांच्या लाकडाच्या भुशासारख्या बारीक चुऱ्याचे आणि त्या क्रीमचे आळीपाळीने थर लावून, तो चार तास फ्रिजमध्ये ठेवायचा. बिस्किटांच्या पाकिटावरची खूण तेवढी आधी पाहून घ्यावी.